कितीमावशी आणि माझे शंभर

कितीमावशींच्या पाळणाघरातलं अख्ख्या दुपारचं काम मी एकट्यानं, अठरा मिनिटांत, कुणीही सांगितलेलं नसताना उरकून टाकलं, आणि तिथून आमची खरी ओळख सुरू झाली. त्याआधीची ओळख जिन्यातली. त्या तळमजल्यावर, मी तिसऱ्या. ‘काय, बरं ना?’ आणि ‘हो, बरंय’ एवढ्यावर आमचं वर्षानुवर्षं भागत होतं.

त्या दिवशी त्यांच्या चष्म्याची काडी निखळली. कोपऱ्यावरचा चष्मेवाला ती उभ्या उभ्या बसवून देतो, पण गाद्यांवर झोपलेल्या सहा पोरांना एकटं टाकून जायचं कसं? मी नेमका वर्तमानपत्र काखेत मारून जिना चढत होतो.

“भाऊ, जरा बसता का? झोपलीयत सगळी. नुसतं बसायचंय.”

यातला ‘नुसतं’ हा शब्द मी मनावर घ्यायला हवा होता. पण मी तीस वर्षं सरकारी कचेरीत तक्ते भरलेला माणूस. कुठल्या रस्त्यावरून सकाळी किती सायकली गेल्या आणि संध्याकाळी त्यातल्या किती परत आल्या, असले तक्ते. रिकामा रकाना दिसला की आजही माझ्या बोटांना मुंग्या येतात. आणि इथे माझ्यापुढे एक लाकडी खोकं होतं. त्यात डबे, डब्या, बरण्या, बाटल्या, आणि एकाच्याही डोक्यावर झाकण नाही. शेजारी झाकणांचा ढीग. गोल, चौकोनी, आट्यांची, दाबून बसवायची. एवढी टापटिपीची बाई आणि हा असला पसारा? मला तिची दया आली.

मी कामाला लागलो. एकेचाळीस झाकणं एकेचाळीस डब्यांवर बसली. मग उंचीप्रमाणे रांग लावली. दोन झाकणं कशालाच बसेनात, ती केराच्या डब्यात टाकली. मग हात झटकून, बक्षिसाची वाट बघणाऱ्या चेहऱ्यानं बसलो.

मावशी आल्या. रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नीट झालेला चष्मा काढून पुसून पुन्हा पाहिलं.

“सगळी लावली?”

“सगळी. दोन जास्तीची होती, ती टाकून दिली.”

“ती मुद्दाम ठेवलीत मी. कशालाच न बसणारं पण काही असतं, हे नको कळायला त्यांना?” त्या खाली बसल्या. “भाऊ, तुमचा घास कोणी चावून तुमच्या तोंडात घातला, तर गोड लागेल तुम्हाला?”

एवढ्यात पोरं उठली. त्यातली साडेचार वर्षांची एक मुलगी, जिला अख्खी इमारत ‘फौजदार’ म्हणते, ती डोळे चोळत आली. तिनं रांगेवरून एक नजर फिरवली, मग माझ्यावरून.

“आता आम्ही काय करायचं?” तिनं विचारलं.

तीस वर्षांच्या नोकरीत मला इतका अवघड प्रश्न एकाही वरिष्ठानं विचारला नव्हता. पुढचा अर्धा तास मी फौजदाराच्या देखरेखीखाली एकेचाळीस झाकणं उघडली, नीट मिसळून टाकली, आणि केराच्या डब्यात हात घालून दोन झाकणं परत आणली. ती धुऊनही घ्यायला लावली तिनं.

कितीमावशी हे नाव मुलांनी ठेवलं. कोणी म्हणावं, “मावशी, वाटी द्या,” की त्या विचारणार, “किती?” कोणी म्हणावं, “मावशी, शू,” तरी सवयीनं तोंडातून ‘किती’ निघून जाणार आणि पोरं लोळून हसणार. खरं नाव विजेच्या बिलावर असेल, पण ते बिल वाटणाऱ्यालाही आता आठवत नाही.

शाळा त्यांची चौथीपर्यंत. त्यानंतर घरकाम, लग्न, आणि पंचवीस वर्षं एका शर्टांच्या कारखान्यात बटणं. एका शर्टाला पुढची सात, मनगटाची दोन, कॉलरची दोन आणि एक जास्तीचं, अशी बारा बटणं कागदात बांधून शिवणाऱ्या बायकांकडे पाठवायची. दिवसाला कित्येकशे पुड्या. “मोजत बसले असते तर पहिल्याच महिन्यात घरी बसवलं असतं,” त्या सांगतात. त्या मोजत नव्हत्या. पोत्यात हात घालायचा, मूठ उघडायची, की दिसायचं. पाच आणि पाच आणि दोन. आजही मूठभर बटणं त्यांच्यापुढे टाकली, तर मी चष्मा शोधेपर्यंत त्यांचा आकडा सांगून होतो. मी दोनदा मोजून खात्री करतो. त्यांच्या लेखी हा माझ्या स्वभावातला दोष आहे.

बोटांचे सांधे धरले तेव्हा कारखाना सुटला. मग शेजारणीचं एक पोर दुपारपुरतं सांभाळलं, मग तिच्या बहिणीचं, आणि बघता बघता पुढची खोली पोरांची झाली. मावशी मागच्या खोलीत सरकल्या. पुढच्या खोलीत पोरांच्या छातीएवढ्या उंचीवर सहा खुंट्या, दारात बुटांची रांग, खिडकीखाली बुटकी लाकडी फळी, त्यावर वाट्या. भिंतीवर एकही तक्ता नाही. ना आकडे, ना अक्षरं, ना लाल सफरचंद. पाहणाऱ्याला वाटावं, इथे काही शिकवत नाहीत. मलाही तसंच वाटलं होतं.

झाकणांच्या प्रकरणानंतर मी प्रायश्चित्त म्हणून अधूनमधून दुपारी जाऊन बसायला लागलो. नुसता. तेव्हा एकेक दिसायला लागलं.

दुधाच्या वेळी रोज एका मुलाची वाट्या मांडायची पाळी. मावशी किती आणायच्या ते सांगणार नाहीत. कमी पडल्या, तर ज्याच्यापुढे वाटी नाही ते पोर गळा काढणार, आणि ज्याची पाळी त्यानं परत जाऊन आणायच्या. एक अबोल मुलगा होता, त्याला आम्ही मुनी म्हणायचो. तो एका वेळी एक वाटी आणायचा. फळीशी जा, एक आण, ठेव. पुन्हा जा. दूध निवून जायचं. माझ्या जिभेवर ‘अरे बाळा, सहा आण’ हे शब्द येऊन बसायचे आणि मावशी नुसत्या माझ्याकडे बघायच्या, की शब्द गिळून मी चहा मागायचो. अठरा दिवस हे चाललं. एकोणिसाव्या दिवशी मुनी फळीपाशी उभा राहिला, मागे वळला, एकेका डोक्याकडे बघत ओठ हलवले, आणि दोन्ही हातांत धरून सहा वाट्या घेऊन आला.

मावशी म्हणाल्या, “दूध गरम आहे, जपून.”

बस. ना शाबासकी, ना टाळ्या. मीच आपला चष्मा पुसत बसलो.

चहापाण्यानंतर एक खेळ असायचा. सात बटणं मांडायची, सगळ्यांनी डोळे मिटायचे, मावशी काही बटणांवर वाटी पालथी घालणार. डोळे उघडले की चार दिसतात. मग वाटीखाली किती? पोरं वाटीकडे अशी बघायची, जणू रोखून बघितलं तर ती काचेची होईल. कोणी चुकलं तर मावशी ‘चूक’ म्हणत नसत. वाटी उचलत. वाटी काय ते सांगायची. फौजदार एकदा चुकली, तेव्हा तिनं वाटीलाच दम भरला.

फौजदाराची आई रुग्णालयात परिचारिका. वडील जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. पोर पाच महिन्यांची असल्यापासून मावशींकडे. तिचा पहिला दात मावशींच्या बोटाला लागला होता, आणि ती पहिलं पाऊल टाकत मावशींच्या शिवणयंत्रापर्यंत गेली होती. आईला हे सगळं संध्याकाळी कळायचं. याचं आईला मनातून काय वाटत असेल, ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

एक दिवस ती कामाच्या पांढऱ्या कपड्यांतच आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

“मावशी, पुढच्या शनिवारी शाळेत भेटायला बोलावलंय. मोठी शाळा. हिला काहीबाही विचारणार. आणि ही बारानंतर थेट ‘खूप’ म्हणते.”

“बारानंतर खूपच असतात,” मावशी म्हणाल्या.

“चेष्टा नका करू. त्या गल्लीच्या टोकाच्या शिकवणीवर्गातली मुलं शंभरापर्यंत घडाघडा म्हणतात. साडेतीन वर्षांची.”

“म्हणू देत. घसा त्यांचा.”

“मावशी, मी नीट सांगते. शनिवारी त्यांनी हिला घेतलं नाही, तर सोमवारपासून मी हिला त्या वर्गात घालणार. दिवसभर ठेवतात ते. नाव घालूनही आलेय. मला वाईट वाटतंय, पण मी एकटी आहे इथे. उद्या हिचे वडील विचारतील, तू काय करत होतीस.”

मावशी टॉवेलची घडी घालत होत्या. ती घडी त्यांनी मोडली आणि पुन्हा घातली.

“तुझी पोर आहे,” त्या म्हणाल्या. “तू बघ.”

त्या संध्याकाळी कितीमावशींनी कुणालाही ‘किती’ विचारलं नाही. पोरांनी मागितल्या तेवढ्या वाट्या मिळाल्या, मुकाट्यानं. मुनीनं तर एक वाटी परत नेऊन दिली आणि वाट बघत उभा राहिला. तरी त्यांनी विचारलं नाही.

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण रिकामा रकाना. दुसऱ्या दिवशी फौजदाराच्या आईनं मला जिन्यात गाठलं. “काका, तुम्ही आकड्यांतले. आठवडाभर संध्याकाळी पंधरा मिनिटं घ्याल का हिला? मावशींना नको सांगायला, त्यांना उगीच लागेल.” मी लगेच हो म्हणालो. माझा हिशोब सरळ होता: पोर शंभर म्हणेल, शाळा घेईल, त्या वर्गाचं नाव रद्द होईल, पोर मावशींकडे राहील. मावशींना त्यांच्या नकळत वाचवणारा मी. त्या विचारानं रात्री मला झोपही छान लागली.

शिकवणी तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर. आपले आकडे काय साधे आहेत? तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न. एकाच घरातली भावंडं, पण एकाचं नाक दुसऱ्यासारखं नाही. मी एक युक्ती काढली. थांबायचं नाही. थांबलं की पहिल्यापासून. न थांबता शंभराला पोचलं की एक बिस्किट. पहिल्या दिवशी ती एकोणतीसला पडली, तिसऱ्या दिवशी एकोणसाठला, पाचव्या दिवशी शंभर. सहाव्या दिवशी तर ती इतक्या वेगानं सुटली की नव्वदीतले आकडे कोणते गेले ते मलाही कळलं नाही. मी कौतुकानं दोन बिस्किटं दिली.

शनिवारी मावशी आल्या नाहीत. “पाच पोरं आहेत माझी, ती कोण बघणार?” असं म्हणाल्या. पण फौजदाराची वेणी त्यांनीच घातली, आणि घालताना दोनदा सोडली. मुलीबरोबर दोन मोठी माणसं चालतील, असं शाळेनं कळवलं होतं. म्हणून मी तात्पुरता आजोबा झालो.

बुटकं टेबल, बुटक्या खुर्च्या. माझे गुडघे माझ्या कानांशी. समोर दोन शिक्षिका, एक वयस्क, एक तरुण. तरुण बाईंनी टेबलावर सात लाकडी ठोकळे ठेवले आणि गोड आवाजात म्हणाल्या, “मोज बघू.”

फौजदारानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. देव माझं भलं करो, मी मान हलवली.

ती सुटली. एक, दोन, तीन; बोट ठोकळ्यांवरून पळायला लागलं. सात झाले, ठोकळे संपले, पण ती थांबते कशाला? थांबलं की पहिल्यापासून. बोट पुन्हा पहिल्या ठोकळ्यावर. सव्वीस, सत्तावीस. पाचवी फेरी, सहावी फेरी. तरुण बाई म्हणाल्या, “बास, बाळा,” तर तिनं त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. एकोणसाठचा खड्डा तिनं टाचेवर उडी मारून ओलांडला. शंभर. मग तिनं उजवा हात माझ्यापुढे पसरला आणि बिस्किटाची वाट बघत राहिली.

दोन्ही शिक्षिकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छत फार चांगलं होतं. फौजदाराच्या आईनं दोन्ही हातांनी पर्स अशी दाबून धरली होती की तिचा बंद तुटतो की काय.

“ठोकळे किती आहेत मग?” वयस्क बाईंनी विचारलं.

“शंभर,” फौजदार म्हणाली. पण म्हणता म्हणता तिचा आवाज बसला. तिनं ठोकळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्यावरचा तिचा विश्वास कसा ओसरत गेला ते मला तिच्या भुवयांत स्पष्ट दिसलं. “नाही,” ती म्हणाली. “हे सात आहेत. शंभर आजोबांचे आहेत.”

“मोजलेस कधी?”

“मोजायचं कशाला? दिसतात.” तिनं हातानं दाखवलं, “हे चार, हे तीन.”

वयस्क बाई जरा पुढे सरकल्या. त्यांनी ठोकळ्यांवर रुमाल टाकला, रुमालाखाली हात घालून काहीतरी केलं, आणि पाच ठोकळे बाहेर ओढून ठेवले. पुढे काही विचारायच्या आत फौजदार म्हणाली, “दोन. पण तुम्ही डोळे मिटायला सांगितले नाहीत. असं नाही खेळायचं.”

मग कोपऱ्यातल्या बाहुल्या आल्या. पाच बाहुल्या, आणि इवल्या ताटल्यांची चळत. “यांना जेवायला वाढ.” फौजदारानं चळतीकडे नुसतं बघितलं. “एक कमी आहे.” तरुण बाई म्हणाल्या, “मग काय करूया?” ती म्हणाली, “तुम्ही जा आणि आणा. ज्यानं मांडलं त्यानंच आणायचं असतं.”

तरुण बाई खरोखर उठल्या. मला वाटतं, त्यांना स्वतःलाही ते नंतर कळलं असेल.

वयस्क बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली, आणि फौजदाराच्या आईला विचारलं, “हिला हे कोणी शिकवलं?”

आईनं उत्तर द्यायच्या आत पोरीनंच दिलं. “कोणी नाही. मावशींकडे आम्ही खेळतो. त्या काहीच शिकवत नाहीत.”

“त्यांना भेटायला आवडेल मला,” बाई म्हणाल्या. “शाळा सुटल्यावरही ही तिथेच राहणार असेल तर फार चांगलं.”

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली. फौजदार आमच्या दोघांच्या मधे बसून दारातून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांवर देखरेख ठेवत होती. दोन थांबे गेल्यावर आई म्हणाली, “काका, शंभरची कल्पना माझी.”

“बिस्किटांची माझी,” मी म्हणालो.

बसमधून उतरून ती तडक मावशींच्या दारात गेली. मावशी दारातले बूट जोडीनं लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“घेतलं हिला,” आई म्हणाली.

“बरं झालं.”

“मी वर्गातलं नाव काढून टाकते. शाळा साडेबाराला सुटेल, मावशी. त्यानंतर… ठेवाल ना तिला?”

मावशींच्या हातात एक बूट होता. तो त्यांनी बराच वेळ धरून ठेवला आणि मग चुकीच्या जोडीशेजारी ठेवला. असं त्यांच्या हातून झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

“किती वाजेपर्यंत?” त्यांनी विचारलं.

आईनं वेळ सांगितली आणि घाईघाईनं जिना चढली, कारण तिचे डोळे भरून आले होते आणि अशा वेळी परिचारिकेनं लोकांपुढे उभं राहू नये, असं तिचं मत आहे. फौजदार आत जाऊन मुनीला काहीतरी हुकूम सोडायला लागली. दारात मी आणि मावशी उरलो. माझ्या पोटात आठवडाभराचं गाठोडं होतं, ते सोडणं भाग होतं.

“मावशी, तिला ते शंभर मी शिकवले. जिन्यात. तुमच्या पाठीमागे.”

“माहितीय. जिन्यातला आवाज सगळा खाली येतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“कशाला? बिस्किटं बरी होती. अर्धं रोज मला आणून द्यायची पोर. दोन दिलीत त्या दिवशी एक अख्खं मिळालं.”

मी ओशाळून हसलो. मग शाळेत काय झालं ते सगळं सांगितलं. सात ठोकळे, शंभर, पसरलेला हात, रुमाल, ताटल्या, वहीत लिहिणाऱ्या बाई. ‘त्या काहीच शिकवत नाहीत’ हे वाक्य सांगितलं, तेव्हा मावशींनी पदरानं चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. मग मी मुद्द्यावर आलो. माझं वय, माझा रिकामा वेळ, आकड्यांतला माझा तीस वर्षांचा अनुभव, आणि आता इथे काय चालतं ते मला पुरतं कळलेलं आहे, असं सगळं नीट क्रमानं मांडून मी विचारलं, “सोमवारपासून रोज दुपारी मदतीला येत जाऊ का?”

मावशींनी चुकलेला बूट उचलून त्याच्या जोडीदाराशेजारी ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत एकदा न मोजता बघून घेतलं.

“या. पण उत्तरं घरी ठेवून या.”